दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

'लवचिक' हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. परवा इंदापूरला भाचीच्या शाळेत कसलासा कार्यक्रम होता. तिथल्या बाईंनी भाषणात सांगितलं की शरीर लवचिक असावं, मन लवचिक असावं, सवयीसुद्धा लवचिक असाव्यात. मी मनात म्हटलं, बाई, तुमचं काय जातंय? ज्याला वाकवतात त्याला विचारा एकदा.

मी बारामतीत एका मोठ्या दुकानात कॅश काउंटरवर बसते. बसते म्हणायचं आपलं. उभीच असते, कारण खुर्चीवर बसलेली बाई गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही असं कंपनीचं मत आहे. गावातली माणसं या दुकानाला मॉल म्हणतात, कंपनी स्टोअर म्हणते. आम्हालाही ती कामगार म्हणत नाही, असोसिएट म्हणते. डाळ, तांदूळ, साबण, कपडे, भांडी, सगळं एका छपराखाली. मी सणसरहून एसटीनं येते. लग्नाआधी इंदापुरात एका किराणा दुकानात पुड्या बांधायचे, त्यामुळं दुकानदारी मला नवीन नाही. बाहेरून बी.ए. केलंय, इंग्रजी वाचता येतं. हे मिरवायला सांगत नाही. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या इंग्रजीत आहे म्हणून सांगते.

आमच्याकडं पिंपळीची एक पोरगी पॅकिंगला लागली. साखर, रवा, हरभराडाळ किलो-अर्धा किलोच्या पिशव्यांत भरायची, वजन करायचं, चिकटपट्टी लावायची. बावीस-तेवीस वर्षांची, बोलायला कमी, हाताला चलाख. तिचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. इतक्या लवकर कामाला का लागलीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "ताई, जागा आत्ता निघालीया. सा म्हैन्यानं निघंल व्हय?"

नवरा एमआयडीसीत कंत्राटावर, घरात सासू, बाकी कुणी नाही. घर नवऱ्याच्या पगारात भागलं असतं कसंबसं. पण तिचा पहिला पगार घरात आला आणि त्या आठवड्यापासून नवरा बाजारात जाताना तिला विचारायला लागला, भाजी कंची आणू म्हणून. हे ती इतक्या कौतुकानं सांगायची की ऐकणारीला हसू यावं. नोकरी तिला सोडायची नव्हती. आणि बाळ अंगावरच्या दुधाशिवाय काही तोंडात घेत नव्हतं. वाटी-चमचा करून झाला, बाटली करून झाली, सासूनं बोट बुडवून चाटवून बघितलं. थुंकून टाकायचं आणि रडून घर डोक्यावर घ्यायचं. नोकरी आणि दूध यांचा मेळ घालायचा, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो आम्ही बायकांनी सोडवला होता.

तिची ड्यूटी नऊ ते साडेपाच. सकाळी पाजून यायची. एक वाजता सासू वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याच्या, रिक्षातून बाळाला घेऊन मागच्या दाराशी यायची, जिथं मालाच्या गाड्या लागतात. कपड्यांच्या विभागात तीन ट्रायल रूम आहेत. त्यातली तिसरी दुपारी एक ते दीड बंद. आत एक स्टूल, एक पाण्याची बाटली. ती बाळाला घेऊन आत, आणि सासू दाराबाहेर मांडी घालून, कुणाची काय बिशाद आत डोकावायची. जुन्या मॅनेजरांना हे माहीत होतं. त्यांनी एकदाच विषय काढला. म्हणाले, "गिऱ्हाइकानं इचारलं तर तीन नंबरचा आरसा फुटलाय म्हणून सांगा." बस. एवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं. ना कसला अर्ज, ना योजना, ना कुणाची मेहेरबानी.

मग जुने मॅनेजर बदलून गेले आणि नवे आले. पुण्याचे, तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यांच्या मागोमाग योजना आली. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्हाला सगळ्यांना टीव्हीच्या विभागात उभं केलं. विकायला ठेवलेल्या टीव्हींतला सगळ्यात मोठा टीव्ही लावला आणि त्यावर पुण्याच्या ऑफिसातल्या एक मॅडम दिसायला लागल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते असं.

"यापुढे काम तुमच्या सोयीच्या वेळेनुसार!" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ठरवा, तुम्हाला कधी यायचंय. आणि कुणीही एकाच कामात अडकून राहायचं नाही. कॅशवाली पॅकिंग शिकेल, पॅकिंगवाली कॅश शिकेल. सगळ्यांची प्रगती!"

समोसे होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या, हे कबूल करते. मला आपली संध्याकाळची एसटी दिसत होती, रोज धावतपळत पकडायची ती आता निवांत पकडता येईल असं वाटलं.

त्याच दुपारी फॉर्म आले. अख्खे इंग्रजीत. कोणकोणत्या वेळी काम करू शकाल, तर चार चौकोन: सकाळ, दुपार, संध्याकाळ, तुकड्यातुकड्यानं. कोणकोणतं काम करू शकाल, तर पाच चौकोन: कॅश, पॅकिंग, माल लावणं, घरपोच ऑर्डरी, साफसफाई. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी. अकरा बायका फॉर्म घेऊन माझ्याभोवती उभ्या राहिल्या. ताई, तुमीच लिव्हा.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. आमच्या भागात पाहुण्याला विचारलं, चहा घेता का सरबत, तर पाहुणा म्हणतो, "कायबी चालंल." त्याचा अर्थ काहीही चालेल असा मुळीच नसतो. तुम्ही विचारलंत यात माझा मान झाला, एवढाच अर्थ. मग यजमानानं परत विचारायचं असतं, "आवं, खरं सांगा." तेव्हा पाहुणा खरं सांगतो, "मग च्या करा, पर बिनसाखरेचा. शुगर हाय मला." पहिल्याच फटक्यात जो खरं सांगतो तो आगाऊ, आणि जो दुसऱ्यांदा विचारत नाही तो कोरडा. मी नवी नवरी होऊन सणसरला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, भाजीला तिखट कसं लागतं तुला? मी म्हटलं, कसंबी चालंल. त्यांनी पळी हातात धरून परत विचारलं, आणि मग मी सांगितलं की बेतानं टाका. पहिल्यांदाच सांगितलं असतं तर वर्षभर गावात झालं असतं की सूनबाई तोंडाळ आहे. इंदापूरच्या किराणा दुकानाचे मालकसुद्धा दिवाळीच्या गर्दीत विचारायचे, "सकाळची येती का दुपारची?" मी म्हणायचे, "कवाबी चालंल." ते वजनाच्या काट्यावरून नजर न काढता म्हणायचे, "तसं न्हवं. एसटी कितीची हाय?" माणूस चोख हिशेबी होता, चार शब्द जास्त बोलायचा नाही, पण दुसऱ्यांदा विचारायला कधी चुकला नाही.

तर अशा रीतीत वाढलेल्या अकरा बायका आणि मी बारावी. एकेकीला मी विचारलं, तुला कोणती वेळ? एकेकीनं उत्तर दिलं, "लिव्हा की कायबी चालंल." पिंपळीची जरा घुटमळली. म्हणाली, "ताई, मला तेवढी एकची सुट्टी..." मग स्वतःच म्हणाली, "न्हाय, लिव्हा तसंच. नवं सायेब हायत. आल्या आल्या आपलं गाऱ्हाणं नगं. इचारतील की ते परत."

आणि मी लिहिलं. चारही चौकोनांत खूण, पाचही चौकोनांत खूण. खाली शेऱ्यात माझ्या चांगल्या, वळणदार इंग्रजीत सगळ्यांसाठी एकच वाक्य: कोणतीही वेळ चालेल, पूर्ण सहकार्य राहील. अकरा वेळा लिहिलं, बाराव्यांदा माझ्या स्वतःच्या फॉर्मवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं!

पुढचा सोमवार उजाडला. रविवारी संध्याकाळीच मोबाइलवर वेळापत्रक आलं होतं, तेही इंग्रजीत. पिंपळीचीला सोमवारी आठ ते बारा आणि परत चार ते आठ. मंगळवारी दोन ते दहा. बुधवारचं मंगळवारी सांगणार. पॅकिंग नाही, माल लावणं, म्हणजे खालची पोती, वरची खोकी. मधे चार तास घरी सोडतात हे तिला सोमवारी बाराला मोकळं केलं तेव्हाच कळलं, आणि तोवर सासू बाळाला घेऊन घरून निघालेली. ही पिंपळीकडं, ती बारामतीकडं. दोघी रस्त्यात कुठंतरी एकमेकींना ओलांडून गेल्या. सासूकडं मोबाइल नव्हता, आतापर्यंत त्याची गरजच पडली नव्हती. एक वाजता मागच्या दाराशी बाळ रडतंय, आणि आई पिंपळीत घराच्या दाराशी कुलूप बघत उभी.

मंगळवारी एकला ती दुकानात नव्हतीच, आणि रात्री दहापर्यंत सुटका नव्हती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी तिला तांदळाच्या रांगेत बघितलं. कंपनीचा निळा टी-शर्ट पुढून ओला झाला होता. तिनं छातीशी पाच किलोची पिशवी धरली होती आणि ती खाली ठेवत नव्हती. एक गिऱ्हाईक तिला बासमती कुठं आहे विचारत होतं आणि ती मानेनं दाखवत होती. मी माझी शाल तिच्या खांद्यावर टाकली. माझ्या अक्षरातलं वाक्य माझ्याच डोळ्यांपुढं आलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

माझंही वेळापत्रक काही सोन्याचं नव्हतं. तुकड्यातुकड्यानं काम म्हणजे मधले चार तास सणसरच्या बाईनं करायचं काय? एसटी स्टँडवर बाकड्यावर बसायचं. बारामतीत घर असलेल्या बायका दुपारी जाऊन जेवून झोपून येत, त्यांना ही योजना गोड लागत होती, आणि त्यांचा मला राग नाही. आणखी एक मजा सांगते. पाचही चौकोनांत खूण बाराही जणींच्या फॉर्मवर होती. पण साफसफाईचा पोछा फिरून फिरून माझ्या आणि कळसच्या एका बाईच्याच हातात यायचा. आम्ही दोघी कोणत्या समाजाच्या हे कॉम्प्युटरला कसं कळलं, असं मी एकदा भर मीटिंगमध्ये विचारलं. दुसऱ्या दिवसापासून पोछा सगळ्यांत फिरायला लागला. म्हणजे ते जमत होतं. तोंड उघडल्यावर लगेच जमत होतं.

म्हणून मी पिंपळीच्या पोरीसाठी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तिला एकची सुट्टी द्या. नुसती अर्ध्या तासाची, पन रोज त्याच टायमाला. बाळ अंगावर पितंय."

"ताई, मला कळतं," सर म्हणाले. "पण शेड्यूल मी करत नाही. सिस्टिम करते. सिस्टिम फॉर्म बघून करते." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. "हे बघा तिचा फॉर्म. सगळ्या वेळा. सगळी कामं. आणि खाली तर स्वतःहून लिहिलंय, पूर्ण सहकार्य राहील."

"ते मीच लिहिलंय."

"मग?"

मी म्हटलं, "आवं सर, तसं म्हनायची रीत हाय आमच्याकडं. तुमी परत इचारायचं असतंय."

सर हसले. कुचेष्टेनं नाही हसले, त्यांना खरंच गंमत वाटली. म्हणाले, "फॉर्म परत कसा विचारणार, ताई? बदल करायचा असेल तर तीन महिन्यांनी विंडो उघडेल. तेव्हा नवा फॉर्म भरा."

"तीन म्हैने? तवर त्या लेकरानं काय करायचं? त्याची कंची विंडो?"

"ताई, चिडू नका."

चिडू नका! मला एवढा संताप आला की काचेचा पेपरवेट उचलून त्या कॉम्प्युटरवर मारावासा वाटला. मारला नाही. बाहेर येऊन काउंटरवर उभी राहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, पिशवी पाहिजे का, असं इतक्या जोरात विचारलं की ते दचकलं. माझ्या रागाचं खरं कारण वेगळंच होतं. सर खोटं बोलत नव्हते. कागदावर जे होतं तेच ते वाचत होते, आणि कागद माझा होता.

सुट्टीच्या दिवशी मी इंदापूरला आबांकडं गेले. आबा म्हणजे माझे वडील. कचेरीत कारकून होते, आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. छप्पन्न साली आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात कागदाला फार मान. आबांनी अख्ख्या वस्तीचे अर्ज लिहिले. नळाचे, रेशनकार्डाचे, स्कॉलरशिपचे. रविवारी आमच्या ओट्यावर रांग असायची. मी मोबाइलमधला फॉर्मचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला आणि मोबाइल उलटा करून सतरंजीवर ठेवला.

मग म्हणाले, "कायबी चालंल हे माणसाला म्हनायचं असतंय. कागदाला न्हाय. कागद परत इचारत न्हाय."

"चुकलं आबा."

"चुकलं न्हाय, इसरलीस तू. पोरी, तुला मी अर्ज लिवायला शिकवलं ते कशापायी? आपल्या मानसानं येळ मागताना लाजायचं, आन् घेणाऱ्यानं घेताना लाजायचं न्हाय, व्हय?" त्यांचा आवाज चढला होता. आई चहा घेऊन आली तरी ते थांबले नाहीत. "लेकराला पाजायला दोन सुट्ट्या कायद्यानं हायत. भीक न्हाय ती. विनंती लिवू नगं. मागणी लिव्ह. आन् येळ लिव्ह, घड्याळाची. किती वाजल्यापासून किती वाजंपत्तुर, कोन येणार, कुठनं येणार."

दुसऱ्या दिवशी मी कोरे कागद घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत गोदामात तांदळाच्या पोत्यांवर बसलो. या खेपेला मी पहिलं उत्तर लिहूनच घेतलं नाही. कळसच्या बाईला विचारलं, कोणती वेळ? ती म्हणाली, कंचीबी. मी म्हटलं, खरं सांग. तिनं ओठ चावला आणि म्हणाली, "साडेपाचला सुटाया पायजे. नंतर डायरेक्ट एसटी न्हाय. पर सायबांना राग न्हाय ना यायचा?" एकीला सकाळी पोराला शाळेच्या गाडीत बसवायचं होतं. एकीला गुडघ्यामुळं खोकी चढवणं जमत नव्हतं, आणि हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बायका आपल्याला काय पाहिजे ते इतक्या हळू आवाजात सांगत होत्या की मला वाकून ऐकावं लागत होतं. चोरी कबूल केल्यासारखं! पिंपळीची मात्र यावेळी घुटमळली नाही. म्हणाली, "एक ते दीड. रोज. तेवढंच लिव्हा."

बारा मागण्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. कायद्याचंही सांगितलं. सर म्हणाले, पुण्याला पाठवतो, पण ती पोरगी कंपनीच्या पगारपत्रकावर नाही, एजन्सीच्या आहे, तिचा प्रश्न एजन्सीनं बघायचा. एजन्सीला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, वेळा कंपनी ठरवते, आमचा काय संबंध. कंपनी एजन्सीकडं बोट दाखवते, एजन्सी कंपनीकडं. काम करून घेताना दोघांचीही ती असोसिएट, आणि बाळाची आई झाली की कुणाचीच नाही.

आठवड्यानं सरांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. "ताई, फ्लोअर इन्चार्जसाठी तुमचं नाव मी पाठवलंय. दहा ते सहा, कायमची वेळ. पोछा नाही, कॅश नाही. तुम्ही सीनियर आहात, समजूतदार आहात. हे बारा कागद पुढं गेले तर तिकडं वाटेल की इथं वातावरण बरं नाही."

दहा ते सहा. म्हणजे साडेसहाची एसटी, रोज. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. उभ्या उभ्या माझे पाय दुखत होते आणि ते पायच आधी हो म्हणाले असते. सर वाट बघत होते. मी म्हटलं, "नाव पाठवा सर. कागदबी पाठवा." त्यांनी कागद पाठवले. नाव पाठवलं की नाही मला माहीत नाही, मी अजून काउंटरवरच आहे.

आणि मग सुरू झालं थांबणं. पुण्याहून उत्तर येईना. दर दोन दिवसांनी मी विचारायचे, दर दोन दिवसांनी सर म्हणायचे, प्रोसेसमध्ये आहे. सासूनं दोन आठवडे जिद्दीनं केलं. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर वेळापत्रक मागवायची आणि त्याप्रमाणं निघायची. पण कधी चारला या म्हणावं तर सुनेला घरपोच ऑर्डरींवर बसवलेलं, फोन सोडून उठता येत नाही. कधी ट्रायल रूमच्या दाराशी नव्या कॅमेऱ्याचं काम चाललेलं. म्हातारी मागच्या दाराशी उन्हात बाळाला पदराखाली धरून दीड-दीड तास बसायची. एकदा वॉचमननं तिला आत सावलीत घेतलं तर त्यालाच मेमो मिळाला. त्यानंतर ती आली नाही. बाळ आधी घसा फुटेस्तोवर रडायचं. मग भुकेनं हरलं आणि गाईचं दूध पाणी घालून चमच्यानं घ्यायला लागलं. सासूला त्याचा आनंद झाला, आणि सुनेला सांगताना ती रडली, असं पोरगीच मला म्हणाली.

सुरुवातीला ती ट्रायल रूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायची. पेल्यात पिळायची आणि बेसिनमध्ये ओतायची. डब्यात ठेवून घरी का नेत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, थंड ठेवायला आपल्याला फ्रीज कुठं देतायत. दुकानात आइस्क्रीमचे चार फ्रीज आहेत. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, खाण्याच्या मालात असं ठेवता येत नाही, नियम आहे. आणि नियम खराच असणार, त्यांचे सगळे नियम खरेच असतात. काही दिवसांनी ती ट्रायल रूममध्ये जायची बंद झाली. टी-शर्ट कोरडा राहायला लागला. मला बरं वाटलं, काय अक्कल म्हणावी माझी! दोन पोरं वाढवलेली बाई मी, आणि कोरड्या टी-शर्टचा अर्थ मला चार दिवस कळला नाही.

विंडो उघडायच्या आधी आठ दिवस पुण्याहून हुकूम आला. लहान मुलांच्या आयांना कायमची ठरलेली वेळ, नऊ ते साडेपाच. दुपारी अर्धा तास वेगळी सुट्टी. बाकीच्यांच्या मागण्याही बऱ्याचशा मंजूर. शिवाय तीन नंबरच्या ट्रायल रूमला आता रीतसर पाटी, त्यावर आई आणि बाळाचं चित्र, आणि आत लाकडी स्टुलाऐवजी गादीची खुर्ची. बैल गेला आणि झोपा केला! मॅडम परत टीव्हीवर आल्या आणि म्हणाल्या की आम्ही तुमचं ऐकलं. पिंपळीच्या पोरीला त्या खुर्चीत बसवून फोटो काढला. फोटो काढणारा म्हणाला, बाळ नाही का आणलं? ती म्हणाली, न्हाय. मग त्यानं खेळण्यांच्या विभागातली एक बाहुली आणून तिच्या मांडीवर दिली, चेहरा दिसणार नाही अशी दुपट्यात गुंडाळून. तिनं धरली. तो फोटो दुकानाच्या दारात लागलाय, माणसाच्या उंचीएवढा. रोज सकाळी मी त्याच्याकडं न बघता आत जाते.

बायका मला म्हणाल्या, जिंकलात की ताई. कळसच्या बाईला साडेपाच मिळाले, गुडघेवालीला कॅश मिळाली. त्या खूश होत्या आणि त्यांनी खूश असायलाच पाहिजे. मी पेढे खाल्ले. गोड लागले नाहीत.

त्याच संध्याकाळी साडेपाचला पिंपळीची माझ्या काउंटरवर आली. निळा टी-शर्ट बदलून साडी नेसली होती, गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभी होती. तिच्या पुढच्याचं झालं आणि तिनं पट्ट्यावर बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा ठेवला. आमच्याच रांगेतला, बहुधा तिनंच फळीवर लावलेला. डॉक्टरनं सांगितलंय, म्हणाली. गाईचं दूध बाळाला पचत नव्हतं, पोट फुगत होतं.

"ताई, ह्ये कसं कालवायचं ते समदं इंग्रजीत हाय. एवढं वाचून दावा की."

मी डबा हातात घेतला आणि मागची बाजू वळवली. सगळ्यात वर, चौकटीत, सगळ्यात जाड अक्षरांत लिहिलं होतं की आईचं दूधच बाळासाठी सगळ्यात चांगलं. ती वाट बघत होती. मी ती ओळ सोडली आणि खालून वाचायला सुरुवात केली, पाणी आधी उकळून कोमट करायचं, मग एक चमचा सपाट भरून.